शमे, तुझं ते वरण

पुणे, रविवार रात्र

प्रिय शमे,

दिवाळीत तुझं पत्र आलं आणि आता वटपौर्णिमा तोंडावर आली. रागव, हक्कच आहे तुझा. पण शुक्रवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

निपाह विषाणूला अडवायला केलेलं आपलं पेप्टाइड, ती अमिनो आम्लांची छोटी साखळी, रक्तद्रवात टिकत नाही. शून्य मिनिटाला आलेखावर सुळक्यासारखं टोक होतं. तासाभरात त्याचं टेकाड झालं आणि शेजारी तुकड्यांची बारीक टोकं उगवली. द्रवातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या त्या एचपीएलसी यंत्रासमोर उभी होते आणि कानात तू: "पेप्टाइड म्हणजे वरणच गं शेवटी, शरीर ते पचवणारच." त्या सेमिनारनंतर मी चार दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, तू पाठवलेला वडापावसुद्धा परत केला होता. सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस, हे माझं आजही म्हणणं आहे. पण खरं बोललीस.

मी तेव्हा एन्फुवर्टाइडचं नाव घेतलं होतं. एचआयव्हीच्याच जीपी41 या प्रथिनातला 36 अमिनो आम्लांचा तुकडा, 2003 मध्ये एचआयव्हीवरचंच औषध झाला. तू म्हणालीस, दिवसातून दोनदा सुई आणि टोचलं तिथे गाठ, कोण घेईल? घेतलं गं. ज्यांना बाकीची औषधं लागू पडेनाशी झाली होती, त्यांनी घेतलं.

आणि युक्ती किती सुंदर आहे! निपाहचं एफ प्रथिन उलगडतं, पेशीच्या पटलात टोक रोवतं आणि मग स्वतःवरच दुमडून विषाणूचं आणि पेशीचं पटल जवळ ओढतं. आपलं पेप्टाइड म्हणजे त्या दुमडणाऱ्या भागाची नक्कल. ते आधीच खाचेत जाऊन बसतं. बॅगेची चेन लावताना मध्ये कापड अडकावं तसं. चेन मिटत नाही, आणि इथे ती मिटली नाही की विषाणू बाहेरच.

टिकावं म्हणून कोलेस्टेरॉलची शेपटी लावली. कुपी खिडकीशी धरली तर आत पेजेसारखं पांढुरकं. हिपॅटायटिस डी या यकृताच्या आजारावरच्या बुलेव्हर्टाइडलाही स्निग्धाम्लाची शेपटी आहे, 47 अमिनो आम्लं आहेत, युरोपात 2020 मध्ये मान्यता मिळाली. त्यांचं विरघळतं, माझं का नाही?

पण झोप उडालीय ती वेगळ्याच कारणानं. 2018 च्या मे महिन्यातल्या निपाहच्या साथीत केरळात कोळिकोड आणि मलप्पुरमला 17 माणसं गेली. त्यात लिनी ही परिचारिका होती, रुग्णाची सेवा करताना लागण झाली तिला. निपाहची लक्षणं दिसायला साधारण 4 ते 14 दिवस लागतात. ताप चढून माणूस दवाखान्यात येतो तोवर विषाणू किती पेशींत शिरलेला असतो! माझं औषध दारावरचं. आत शिरलेल्याला ते काय करणार? मग ते द्यायचं कुणाला? लिनीला, तिनं त्या खोलीत पाऊल टाकण्याआधी. आणि तिला द्यायचं तर सुई कशाला, नाकात फवारा का नको? 2021 मध्ये करोनावरचं असंच स्निग्ध शेपटीचं पेप्टाइड फेरेट नावाच्या छोट्या प्राण्यांच्या नाकात घातलं, आजारी फेरेटांबरोबर 24 तास ठेवलं, तरी त्यांना लागण झाली नाही.

म्हणजे रक्तात टिकावं म्हणून मी इतकी वर्षं घातली ती चुकीच्या जागी घातली का? की निपाह मेंदूपर्यंत जातो म्हणून रक्तातही हवंच? रोज सकाळी एक उत्तर पटतं, रात्री दुसरं.

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. ओजसचं बारावीचं काय झालं? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलं ना? सांगलीत पाणी आलं का वेळेवर? सगळं लिही.

आणि शमे, तुझी ती नाकाच्या फवाऱ्यांची निळी वही अजून आहे का? दोन वर्षं घालवली होतीस त्यावर, आणि मी तिला "सर्दीचं संशोधन" म्हणून चिडवत होते. चुकलं माझं. नाकातला शेंबूड पेप्टाइड किती वेळात वाहून नेतो, ते त्यात मोजलेलं आहे. पानांचे फोटो पाठव. वही माळ्यावर असेल तर तू चढू नकोस, मी शनिवारच्या एसटीनं येते आणि काढते. वरण मात्र तूच कर.

तुझी,
नीलू