चेहऱ्यावरून ध्यान कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ध्यानावरचा लेख काल दिवसभर डोक्यातून गेला नाही. ‘खोल ध्यानातला माणूस चेहऱ्यावरूनच ओळखू येतो’ असं लेखकाने ठासून लिहिलं आहे. त्यांच्याविषयी आदर ठेवून सांगते, हे खरं नाही.

मी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आहे. पहाटे ४ची घंटा, आर्य मौन (कुणाशी बोलणं नाही, खाणाखुणाही नाहीत), मग अधिष्ठानाच्या बैठका. एकेक तास, दिवसातून तीनदा, हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. मी हलले नाही. पण सहाव्या दिवशी छाती अशी धडधडत होती की आपण इथेच जाणार असं वाटत होतं. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटच्या दिवशी मला न्यायला आलेल्या ह्यांना धम्मसेविका कौतुकाने म्हणाल्या, “ताई अगदी मूर्तीसारख्या बसल्या हो!” मला मात्र दहा दिवसांत कोणी विचारलं नाही, की बाई, तुला आत काय होतंय.

माझ्या शेजारची बाई त्याच बैठकीत थरथरून रडली. तिला बाहेर नेलं, मग मागच्या रांगेत बसवलं. मौन सुटल्यावर ती मला म्हणाली, “आई गेल्यापासून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.”

कीर्तनात कुणाचे डोळे वाहिले तर आपण त्याला उठवून बाहेर नेतो का? अश्रू आणि कंप आपल्याकडे अष्टसात्त्विक भावांत, म्हणजे भाव दाटल्यावर अंगावर उमटणाऱ्या आठ खुणांत मोजतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. श्रीकृष्ण उत्तराची सुरुवात करतात ती मनातल्या कामना सुटण्यापासून. चेहऱ्याचं वर्णन त्यात कुठेच नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी १९६१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन योग्यांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटं हात बुडवून ठेवला होता. तिथेही डॉक्टर नुसते तोंडाकडे बघत बसले नाहीत, मेंदूचा आलेख घेतला.

लेखासोबतच्या हसऱ्या फोटोतल्या साधकाला तरी कुणी विचारलं होतं का?

आणखी एक. माझं मागचं पत्र आपण निम्मं कापून छापलंत. या वेळी जागा कमी पडली तर माझी हकीकत कापा, शेजारच्या बाईची राहू द्या.

आपली,
एक वाचक, डोंबिवली