‘लेडीज’ म्हणून विकलेला बॉयलर सूट आणि सेफ्टी शूज यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: ‘लेडीज’ माप सांगून पुरुषांच्या मापाचा माल पाठवल्याबाबत, पैसे परत मिळण्याबाबत आणि संकेतस्थळावरील माहिती दुरुस्त करण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी मर्चंट नेव्हीत इंजिन विभागात काम करते. इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीतून मरीन इंजिनिअरिंगचं बी.टेक. केलं, ट्रेनी मरीन इंजिनिअर म्हणून पहिलं जहाज केलं, आणि आता रत्नागिरीला घरी एमईओ क्लास फोरच्या, म्हणजे मरीन इंजिनिअर ऑफिसरच्या पहिल्या पात्रतेच्या, परीक्षेची तयारी करते आहे. जहाजावर जाण्याआधी मी आपल्या संकेतस्थळावरच्या महिलांच्या विभागातून दोन बॉयलर सूट (इंजिन रूममध्ये घालायचा, शर्ट-पँट एकत्र शिवलेला पोशाख) आणि सेफ्टी शूजचा एक जोड मागवला होता. पूर्ण पैसे आगाऊ भरले होते. तक्रार त्या मालाबद्दल आहे. पत्र लांबलं आहे, तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती, कारण आपल्या ग्राहक सेवेत माझं म्हणणं अजून कुणीच पूर्ण ऐकून घेतलेलं नाही.

जहाजावर बॉयलर सूट आणि बूट शिपिंग कंपनी देतेच. मग मी स्वतःचे का घेतले? तर स्टोअरमध्ये असतात ते सगळे पुरुषांचे. आमच्या सीनियर मुलींनी आधीच बजावलं होतं की आपल्या मापाचं सामान घेऊनच जा, तिथे मिळेल या भरवशावर राहू नकोस. आपल्याकडूनच घ्यायचं ठरलं त्याला कारण आपली जाहिरात. १८ मे हा सागरी क्षेत्रातल्या महिलांचा आंतरराष्ट्रीय दिवस २०२२ पासून पाळला जातो. त्या दिवशी आपण बॉयलर सूट घातलेल्या मुलीचा फोटो टाकला होता आणि खाली ‘खास महिलांच्या मापात’ असं लिहिलं होतं. त्यावर मी विश्वास ठेवला.

पार्सल सांगितलेल्या तारखेला आलं नाही. आलं ते माझ्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. सूट अंगात घातला तर खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाही मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, कमरेत दोन माणसं मावतील एवढा घेर, आणि नितंबांपाशी मात्र इतका घट्ट की खाली बसताना कापड ताणलं जावं. आईने लगेच शिलाई मशीन काढलं. पण बॉयलर सूटची तिहेरी शिवण रात्रीतून उसवून पुन्हा घालता येत नाही, शिवाय उसवलेल्या जागी कापड कमजोर होतं. बदलून घ्यायला वेळ नव्हता. तसाच बॅगेत भरला.

जहाजावर गेल्यावर दिसलं की स्टोअरमध्ये आपल्याच कंपनीचे पुरुषांचे सूट आहेत. त्यातला ‘स्मॉल’ काढून मी मेसच्या टेबलावर पसरला आणि माझा ‘लेडीज स्मॉल’ त्यावर ठेवला. खांदा, बाही, छाती, कंबर, पायाची लांबी, सगळं शिवणीला शिवण जुळलं. फरक एकच: माझ्या खिशाला गुलाबी पट्टी होती. त्या पट्टीसाठी आपण माझ्याकडून जास्त पैसे घेतलेत. दोन्ही सूट एकावर एक ठेवलेले फोटो सोबत जोडले आहेत.

बुटांचं तर याहून गंभीर. खोक्यावर आणि बुटाच्या आतल्या जिभेवर ‘४’ असं स्टिकर होतं. पायात घातल्यावर टाच उचलली जायला लागली म्हणून तळवा उलटा करून पाहिला, तर रबरात ‘६’ कोरलेलं. आत एक जादा सोल टाकून दिला होता. भारतीय मानक आयएस १५२९८ प्रमाणे सेफ्टी शूजची पुढची स्टीलची टोपी २०० जूलचा आघात सोसायला हवी. टोपी कदाचित तेवढा आघात सोसेलही. पण बूट मोठा असला की तो पायाच्या वळणाशी वळत नाही, टोपीची मागची कडा बोटांवर रुतते. इंजिन रूमच्या उभ्या लोखंडी शिडीवरून, हातात अवजारं घेऊन, तेलकट प्लेटांवर उतरताना टाच बुटातून सुटणं म्हणजे काय, हे ज्याने कधी इंजिन रूम पाहिली आहे त्याला सांगावं लागणार नाही.

एकदा वर्कशॉपमध्ये मी ड्रिल मशीनवर एका फ्लँजला भोक पाडत होते. बाह्या दोनदा दुमडून वर चिकटपट्टी लावली होती. इंजिन रूममध्ये चाळीसच्या वर तापमान असतं, घामाने चिकटपट्टी सुटली आणि बाही मनगटाखाली लोंबली. ड्रिल धरून फिरणाऱ्या चकपासून बाहीचं कापड चार बोटांवर होतं. शेजारी उभ्या फिटरने इमर्जन्सी स्टॉप दाबला म्हणून माझा हात शाबूत आहे.

नियमाप्रमाणे निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, रिपोर्ट झाला. सेकंड इंजिनिअरने सांगितलं, अंगाला नीट बसणारा सूट मिळेपर्यंत फिरत्या मशीनजवळ जायचं नाही आणि बंदिस्त जागेतही उतरायचं नाही. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांच्या जागी मी असते तर हेच सांगितलं असतं. पण त्याचा परिणाम काय झाला, तो आपण समजून घ्यावा, कारण माझ्या तक्रारीचं मूळ तिथे आहे.

ट्रेनी इंजिनिअर हाताने शिकतो. तेल शुद्ध करणाऱ्या प्युरिफायरचा बाउल उघडून डिस्क एकेक करून धुवायच्या, पुन्हा क्रमाने बसवायच्या. मेन इंजिनच्या स्कॅव्हेंज स्पेसमध्ये, म्हणजे सिलिंडरांखालच्या हवेच्या अरुंद जागेत, सरपटत जाऊन काजळी खरवडायची, पिस्टन रिंगा बघायच्या. इंजिनाच्या तळाच्या क्रँककेसमध्ये उतरून बेअरिंगची क्लिअरन्स मोजायची. ही कामं करताना सीनियर बघतात, मग ट्रेनिंग रेकॉर्ड बुकात त्यावर सही होते. त्या काळात ही सगळी कामं माझ्याबरोबरच्या मुलाला मिळाली आणि मी कंट्रोल रूममध्ये लॉगबुक लिहीत बसले. त्याच्या वहीची पानं भरली, माझी कोरी राहिली. पुढे तोंडी परीक्षा घेणारे सर्व्हेअर, म्हणजे सरकारी परीक्षक, विचारणार की प्युरिफायर उघडलाय का? तेव्हा बाही लांब होती हे उत्तर चालत नाही. जहाजावर तर त्याहून वाईट होतं. मुलगी खाली कामाला दिसत नाही, वर एसीत बसलेली दिसते, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. कारण कुणी विचारत नाही. पुढच्या मुलीला घ्यायचं की नाही, हे ठरवताना मात्र तेच आठवतं.

शेवटी इंजिन रूममध्येच काम करणाऱ्या देवगडच्या एका मोटरमन काकांनी, स्वतःची वॉच (पाळी) संपल्यावर, जाड सुई आणि ताडपत्रीचा दोरा घेऊन माझ्या एका सूटच्या बाह्या आणि खांदे आत घेऊन दिले. तो सूट सेकंडने स्वतः तपासला आणि मला पुन्हा कामावर घेतलं. त्यानंतर दोन प्युरिफायर मी स्वतःच्या हाताने ओव्हरहॉल केले. म्हणजे माझ्यात काही कमी नव्हतं, सूटमध्ये होतं. आणखी एक गोष्ट संकोच न करता लिहिते. बॉयलर सूट एकसंध असतो. स्त्रीला लघवीला जायचं तर तो पूर्ण खांद्यावरून उतरवावा लागतो, तेही तेलाने माखलेल्या हातांनी. त्यामुळे कितीतरी मुली वॉचवर पाणीच कमी पितात, आणि त्या उष्णतेत ते जिवाशी खेळ आहे. महिलांसाठी सूट बनवतो म्हणणाऱ्याने सगळ्यात आधी याचा विचार करायला हवा होता.

बंदरात नेटवर्क मिळाल्यावर मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी आधी विचारलं, “मॅडम, सूट वापरणार कोण आहेत? त्यांना फोन द्या.” मीच वापरते म्हटल्यावर म्हणाले, “इंजिन रूममध्ये लेडीज कुठे असतात? आणि थोडा लूज असला तर हवा खेळती राहते.” मग परतीची मुदत संपली असल्याचं सांगून फोन ठेवला. मेलला आलेलं उत्तरही तेच.

इंजिन रूममध्ये लेडीज असतात. सोनाली बॅनर्जी १९९९ साली कोलकात्याच्या मरीन इंजिनिअरिंग अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमधून देशातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनिअर म्हणून बाहेर पडल्या. त्याला पाव शतक उलटून गेलं. आमच्या बॅचला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या हे खरं, बिम्को आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग या जहाज उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२१ च्या अहवालातही जगभरच्या महिला नाविक २४,०५९, म्हणजे सगळ्या नाविकांत १.२८ टक्केच आहेत. मागणीच नाही असं आपण म्हणाल. पण मग ‘लेडीज’चा विभाग उघडू नका. उघडला आहे तर त्यात पुरुषांचा माल ठेवू नका.

आपल्या माहितीसाठी आणखी एक. सागरी श्रम करारात, म्हणजे मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ मध्ये, २०२२ साली दुरुस्त्या मंजूर झाल्या आणि त्या २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आल्या. नाविकाला द्यायची सुरक्षा साधनं त्याच्या योग्य मापाची असली पाहिजेत, असं त्यात आता स्पष्ट म्हटलं आहे, आणि हे शब्द घालताना वाढत्या महिला नाविकांचा विचार होता. ही जबाबदारी जहाजमालकाची आहे, आपली नाही, याची मला कल्पना आहे. पण मालक खरेदी आपल्यासारख्यांकडूनच करतो. तो कागदावर ‘लेडीज स्मॉल’ मागवेल, आपण गुलाबी पट्टीचा मेन्स स्मॉल पाठवाल, ऑडिटमध्ये सगळं बरोबर दिसेल आणि खाली उतरणारी मुलगी पुन्हा चिकटपट्टी शोधत बसेल.

म्हणून माझी मागणी अशी. दोन्ही सूट आणि बुटांचे पूर्ण पैसे परत करावेत. मी मागवला होता तो माल मला मिळालेलाच नाही, त्यामुळे परतीच्या मुदतीचा प्रश्न इथे लागू होत नाही. सहा नंबरच्या बुटावर चारचं स्टिकर कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून लावलं याचं लेखी उत्तर द्यावं. असे आणखी किती जोड विकले गेले ते तपासून त्या ग्राहकांना कळवावं, कारण त्यातली एखादी मुलगी आज कुठल्या तरी शिडीवर असेल. आणि खरोखर महिलांच्या बेतणीचा माल तयार होईपर्यंत तो विभाग संकेतस्थळावरून काढावा. नंतर जे विकाल त्याचं खांदा, बाही, कंबर, नितंब आणि धडाची लांबी असं सेंटिमीटरमधलं माप द्यावं, नुसतं ‘एस, एम, एल’ नको. फोनवर बोललेल्या गृहस्थांना शिक्षा व्हावी अशी माझी इच्छा नाही. त्यांना इंजिन रूममध्ये कोण काम करतं याची माहिती द्यावी, एवढं पुरे.

आपण असा सूट खरोखर बनवणार असाल तर नमुना घालून बघायला, वाकून, चढून, सरपटून तो कुठे अडतो ते सांगायला मी तयार आहे. माझ्या बॅचच्या मुलीही येतील, त्यांना विचारून लिहिते आहे. त्याचे पैसे नकोत.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणं आवश्यक आहे. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. पुढच्या जहाजाची तारीख लागायच्या आत हे प्रकरण मिटावं अशी अपेक्षा आहे. दुसरे सूट मला तेवढ्यात शिवून घ्यायचे आहेत.

कळावे,

आपली ग्राहक,
एक मरीन इंजिनिअर, रत्नागिरी

सोबत: खरेदीची पावती, दोन्ही सूटचे एकत्र फोटो, बुटाचं स्टिकर आणि तळवा यांचे फोटो, ग्राहक सेवेच्या मेलची प्रत.