लाइटवाल्या ताई, थँक यू

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अण्णा घरात 'ती लाइटवाली पोरगी' म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे तेच पडलंय, राग मानू नका. कळव्याचे, पांढरी टोपी, डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आणि तोंडात सारखं 'चाकू लावला की पसरतो', आठवले का? ते माझे सासरे.

खरं सांगू, त्या दिवशी अण्णा खारघरला आले तेच मुळात बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, टाळायला. ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, नुसता लाइट मारून कॅन्सर ओळखायचं संशोधन चालतं हे त्यांच्या कानावर आलेलं, मग काय, ठाण्याला पनवेल गाडीत बसल्यापासून स्वारी खूश. त्याआधी आमच्या इथल्या एका दातांच्या डॉक्टरने दात गालाला घासतोय म्हणून तीन महिने नुसती जेल लावायला दिली होती, तो विषयच नको.

तुम्ही आधी अख्खं संमतीपत्र मराठीतून वाचून दाखवलंत, मग खोलीतले दिवे घालवलेत, बाहेरचा उजेड रीडिंगमध्ये घुसतो म्हणे. पेनाएवढा प्रोब बघून अण्णा घाबरले, 'भाजणार नाही ना गं?', तर तुम्ही तो आधी स्वतःच्या तळहातावर टेकवलात. मग उजवा गाल, मग डावा, एकेका जागी काही सेकंद. आणि अण्णांना समजेल असं सांगितलंत, की लेझरचा जो उजेड परत येतो तो जवळजवळ सगळा जसा गेला तसाच असतो, पण कोटीत एखादा कण आतल्या रेणूंना हलवतो, तिथे थोडी ताकद खर्च करतो आणि रंग बदलून येतो, मशीन तेवढेच वेचतं. निरोगी गालाच्या आलेखात चरबीची टेकडी उंच दिसते, बिघडलेल्यात ती बसते आणि प्रोटीनची वर येते. हा रामन इफेक्ट १९२८ चा, माझ्या लेकीने सायन्स डेला त्यावर निबंध लिहिलाय, पण सासऱ्यांच्या गालात तो बघायला मिळेल असं कुठे वाटलेलं!

अण्णांनी लगेच विचारलं, 'म्हणजे आता तुकडा काढायला नको ना?' तुम्ही हो म्हणाला असतात तर ते तिथूनच घरी सुटले असते. तुम्ही म्हणालात, 'आजोबा, हे अजून संशोधन आहे, साध्या सुजेनेही आलेख बदलतो, यावरून मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. तुकडा काढल्याने पसरत नाही आणि डॉक्टर त्यावरच ठरवणार.' वर हेही, की तंबाखू खाणाऱ्याचा चांगला दिसणारा गालसुद्धा बऱ्याचदा न खाणाऱ्यासारखा येत नाही. उजव्या गालाची एवढी ऐट होती त्यांना, गप्पच झाले. परतीच्या गाडीत नेरूळ गेल्यावर म्हणाले, 'कर फोन, घे तारीख.'

तुकड्याचा रिपोर्ट आला डिस्प्लेशिया, म्हणजे कॅन्सरच्या अलीकडचं. चट्टा काढला, आता ठरल्या तारखेला दाखवायला जायचं. तंबाखूच्या डबीत लवंगा असतात, मी रोज उघडून बघते, त्यांना माहितीये.

तिखट लागलं की गाल झोंबायचा म्हणून मिसळ बंद होती. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर परवा मामलेदारला नेलं. मी कमी तिखट सांगितली, तर अण्णांनी वेटरला परत बोलावून मीडियम करायला लावली.