मार्चमधलं लग्न पुढे ढकललंय, त्याबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. लग्न मार्चमध्ये न करता पुढच्या वर्षी दिवाळीनंतर करायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. आई, हॉलचा अ‍ॅडव्हान्स बुडाला तर मी भरून देते, जिवाला लावून घेऊ नकोस.

कारण पैशाचंच आहे. शिष्यवृत्ती ऑक्टोबरात संपते, घरापुरते पैसे साठायला अजून वर्ष लागेल. आणि तुमच्या एफडीला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, एकतीस म्हणजे फार झालं. पण इंग्लंडात डेव्हनमधल्या ज्या कॉलिटन गावाच्या जुन्या नोंदी मी रोज वाचते, तिथे १६४७ ते १७१९ या काळात मुलींचं पहिल्या लग्नाचं सरासरी वय जवळजवळ तीस होतं. साध्या खेड्यातल्या मुली त्या! लग्न म्हणजे स्वतःची वेगळी चूल, अशी तिथली रीत. ती मांडायला पैसा हवा, म्हणून कित्येक मुली ऐन उमेदीत दुसऱ्याच्या शेतावर सालानं राहायच्या, आपल्या नामू सालगड्यासारख्या. जेवण आणि झोपायची जागा मालकाची, त्यामुळे मजुरीतलं थोडं मागे पडायचं. त्यातून भांडी, अंथरूण, जमलंच तर एखादी गाय. मीही तेच करतेय, इतकंच.

जर्मनी-ऑस्ट्रियाकडे तर शेत मुलाच्या नावावर करताना म्हातारे आईबाप करार लिहून घ्यायचे: राहायला खोली, ठरलेलं धान्य, दूध, सरपण. कुठे कुठे शेगडीजवळ बसायची जागासुद्धा. ते वाचलं आणि आई, तुझा देवघराशेजारचा पाट डोळ्यांपुढे आला. रडूच आलं. आपल्यात कसला कागद? मी परत आले की घर घेणार ते तळमजल्यावरचंच. उन्हाची खोली तुमची, बाबांचा सहाचा चहा मी करणार, पाट देवघराशेजारीच राहील.

ताप आला की तू कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवायचीस, बाबा उशाशी जागायचे. परवा सर्दीनं पडले होते तेव्हा तेच हवं होतं.

बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरायची नाही. आई, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मार. मोठ्या काकू विचारतील तेव्हा सरळ माझा नंबर द्या, मी बोलते. तुम्ही ऐकून घ्यायचं नाही.

रविवारी फोन करते. रागावला असलात तरी उचला.

तुमची,
चिमू