‘जुन्या वाड्यांसाठी खास’ वायरलेस स्विचबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : बिनबॅटरीच्या वायरलेस स्विचची दिशाभूल करणारी जाहिरात, सदोष रिसीव्हर आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात जिना, माजघर आणि मागची पडवी या तीन ठिकाणी तुमचे बिनबॅटरीचे स्विच बसवले. ‘जुन्या वाड्यांसाठी खास, भिंत फोडायची गरज नाही’ ही तुमची जाहिरात वाचूनच ते घेतले. आमचं वायरिंग अजून लाकडी पट्टीतलं आहे आणि भिंती विटा-मातीच्या. झिरी मारायला छिन्नी लावली की गिलाव्याचा हातभर पोपडा खाली येतो.

स्विचची कल्पना उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. बटण दाबलं की आतलं चुंबक वेटोळ्यापाशी हलतं, क्षणभर थोडी वीज तयार होते आणि तेवढ्यावर दिव्याजवळच्या रिसीव्हरला रेडिओ संदेश जातो. पण त्या रिसीव्हरला फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) दोन्ही सतत लागतात, हे खोक्यावर कुठेच नाही. तुमच्या माहितीपत्रकातल्या चित्रात रिसीव्हर स्विचबोर्डामागे बसवलेला दिसतो. आमच्या बोर्डात, आणि पेठांतल्या बहुतेक जुन्या घरांत, न्यूट्रल येतच नाही. तिथे फक्त फेज येते आणि दिव्याकडे जाणारी तार निघते. म्हणून वायरमनने बोर्डातल्या त्या दोन तारा कायमच्या जोडल्या आणि रिसीव्हर दिव्यापाशी नेला. होल्डरखालच्या गोल लाकडी ठोकळ्यात तो मावेना, तेव्हा तुळईला प्लास्टिकची डबी ठोकून त्यात बसवला. दिसतो कसा, ते विचारू नका.

दिसण्याचं सोडा, धोका पाहा. आता दिवा बंद असला तरी वर रिसीव्हरपर्यंत वीज कायम असते. बल्ब बदलताना भिंतीवरचं बटण बंद करणं ही आमच्या घरात पिढ्यान् पिढ्यांची सवय, आणि आता तेवढ्यावर विसंबता येत नाही. मेन स्विच पाडावा लागतो. ही सूचना माहितीपत्रकात ठळक अक्षरांत हवी होती. ती बारीक अक्षरांतही नाही.

दुसरी गोष्ट वीज जाण्याची. वीज गेली आणि परत आली की तिन्ही दिवे आपोआप लागतात. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. घरी कोणी नसेल तर जिन्यातला दिवा संध्याकाळपर्यंत जळत राहतो. पावसाळ्यात रात्री वीज झपकन जाऊन आली की माजघर लख्ख उजळतं आणि झोपलेली माणसं उठून बसतात. तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, ‘सेटिंग ॲपमधून बदला.’ या रिसीव्हरला ॲप नाही. ते तुमच्या महागड्या मॉडेलला आहे.

जिन्याचा स्विच तर नावालाच आहे. खोक्यावर पल्ला ‘३० मीटर’ छापलाय. मध्ये दोन फुटी भिंत, तीही संदेशाच्या वाटेत तिरकी, म्हणजे त्याला प्रत्यक्षात आणखी जाड. उन्हाळ्यात कसंबसं चाललं. भिंतीला ओल आल्यापासून दाबावं तेव्हा दिवा लागेलच असं नाही. लागला नाही म्हणून आई पुन्हा दाबते, आणि पहिला संदेश पोचला असेल तर दुसऱ्याने दिवा विझतो. बटणाकडे पाहून दिवा चालू की बंद ते कळत नाही. अंधाऱ्या लाकडी जिन्यात हा खेळ ऐंशी वर्षांच्या बाईने खेळायचा?

यावर तुमचं लेखी उत्तर आलं : ‘आपल्या घराच्या भिंती प्रमाणापेक्षा जाड आहेत.’ महोदय, तुमची कंपनी निघण्याआधीपासून त्या तेवढ्याच जाड आहेत. वाड्यांसाठी खास म्हणून माल विकायचा आणि मग वाड्याला भिंती आहेत अशी हरकत घ्यायची, हे आम्हाला मान्य नाही.

आणखी एक खुलासा हवा आहे. युरोपात असे अनेक स्विच ८६८.३ मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना मोकळा असलेला रेडिओ लहरींचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे ८६८.३ त्याच्या बाहेर पडतं. तुमचे स्विच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतात आणि त्यांना भारतात मान्यता आहे का, हे खोक्यावर नाही. ते लेखी कळवा.

माझी मागणी अशी : जिन्याचा संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. माजघर आणि पडवीचे रिसीव्हर बदलून, वीज आल्यावर आधीची स्थिती राखणारे द्यावेत, आणि ते बसवण्याची मजुरी तुम्ही सोसावी. जाहिरातीत व खोक्यावर न्यूट्रलची गरज, भिंतींची मर्यादा आणि बल्ब बदलतानाची सूचना मराठीत छापावी.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे तुमचं मुख्य कार्यालय परगावी आहे ही अडचण माझी नाही.

आपला,
एक ग्राहक
नारायण पेठ, पुणे

सोबत : बिलाची प्रत, जाहिरातीचं कात्रण, तुमच्या उत्तराची प्रत, तुळईवरच्या डबीचा फोटो