बांगड्यातील ‘चपटा कृमी’ कोणता?

महोदय,

बांगड्याच्या कल्ल्यांत ‘चपटे कृमी’ सापडल्याचे सचित्र वृत्त आपल्या दैनिकात वाचले. छायाचित्रातील प्राणी मात्र चपटकृमी नाही. पाठीवरील आडवी खंडे आणि दोन्ही बाजूंचे आकडेदार पाय पाहता तो कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातील समपाद (आयसोपॉड) दिसतो. बांगड्याच्या कल्ल्यांच्या पोकळीत आढळणारा ‘नोरिलेका इंडिका’ हा समपाद आपल्या अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

कल्ल्यांवरील खरे चपटकृमी बहुतेकदा इतके लहान असतात की मासळी साफ करणाऱ्या बाईच्या नजरेसही पडत नाहीत आणि कल्ल्यांबरोबरच फेकले जातात. (माणसाला त्यांच्यापासून अपाय नाही, एवढेही त्या वृत्तात असते तर ग्राहक बिचकले नसते.) त्यांची ओळख मुख्यतः शरीराच्या मागच्या टोकावरील पकडीवरून पटते. एका गटात तेथे आकडे असतात व तो माशाच्या त्वचेच्या पेशी आणि चिकट स्राव खातो. दुसऱ्यात चिमट्यांसारखे अवयव असतात आणि तो रक्त पितो. बांगड्याच्या नात्यातील माशांवरच्या काही कृमींत या चिमट्यांच्या चारच जोड्या असतात, तर सुरमईवरील काहींत त्यांच्या लांब रांगा दिसतात. या दोन गटांना आजवर एकाच वर्गात ठेवले जाई. अलीकडच्या डीएनए अभ्यासांनी ते एकत्र असावेत का, यावरच प्रश्नचिन्ह लावले आहे.

जातीपर्यंत पोहोचणे त्याहून कठीण आहे. हेकरूच्या एकाच माशाच्या कल्ल्यांवर एकाच प्रजातीतील (म्हणजे निकटच्या जातींच्या एकाच गटातील) अनेक जाती राहू शकतात आणि जननमार्गातील कठीण भागांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्या वेगळ्या करता येत नाहीत. त्यातच मासा मेल्यावर कृमीचे मऊ अवयव लवकर बिघडू लागतात. त्यामुळे बाजारात बर्फावर दिवसभर राहिलेल्या मासळीतून काढलेले नमुने बहुधा अपुरेच ठरतात. नमुना होडी किनाऱ्याला लागताच घ्यावा, काही कृमी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्टीसाठी आणि काही तीव्र अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी ठेवावेत. फॉर्मेलिनमध्ये घातलेला नमुना डीएनएच्या कामी जवळपास येतच नाही.

यातील बरेचसे कृमी ठरावीक माशांवरच राहतात, त्यामुळे आधी मासा अचूक ओळखला पाहिजे. ‘तांबोसा’ किंवा ‘हेकरू’ एवढी चिठ्ठी पुरत नाही, कारण किनाऱ्यावर एकाच नावाखाली अनेक जाती विकल्या जातात. माशाचे वैज्ञानिक नाव, छायाचित्र, कल्ल्याची कितवी कमान, बंदर आणि तारीख यांशिवाय काचपट्टीला, माझ्या मते, फारसा अर्थ उरत नाही.

कोकणातील महाविद्यालयांत अशा काचपट्ट्या तयार होतात आणि संशोधक विद्यार्थी बाहेर पडला की कपाटात पडून राहतात. त्या रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या सार्वजनिक संस्थेत नोंदणी क्रमांकासह जमा करण्याची, आणि नव्या जातीचा मूळ नमुना (ज्यावरून तिचे वर्णन केले तो) भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे पाठवण्याची अट विद्यापीठांनी प्रबंध स्वीकारतानाच घालावी. आपणही त्या छायाचित्राखालील ओळीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, वेंगुर्ला