ऊ थांट गुरुजी, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

आदरणीय ऊ थांट गुरुजी यांस,
सादर नमस्कार.

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होण्याच्या कितीतरी आधी तुम्ही बर्मातल्या पांतनाव गावी शाळेचे हेडमास्तर होता. मीही शाळेत इतिहास शिकवते. म्हणून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तुम्हाला गुरुजी म्हणते, राग नसावा.

तुमचे आभार एकदा रीतसर मानून झाले आहेत, हे मला ठाऊक आहे. ७ जानेवारी १९६३ रोजी अमेरिकेचे स्टीव्हन्सन आणि सोव्हिएत संघाचे कुझ्नेत्सोव्ह यांनी एकाच पत्राखाली सह्या केल्या आणि क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून पेटू पाहणारं युद्ध टाळायला केलेल्या मदतीबद्दल दोन्ही सरकारांतर्फे तुमचे आभार मानले. अडीच महिन्यांपूर्वी एकमेकांवर अणुबॉम्ब टाकायला निघालेल्या दोन सरकारांनी एका कागदावर सही करावी, हे त्या काळात थोडं नव्हतं. पण ते दोन सरकारांचं पत्र. ज्यांची आयुष्यं त्या आठवड्यात पणाला लागली होती, त्या सामान्य माणसांकडून तुम्हाला कुणी लिहिल्याचं फारसं ऐकिवात नाही. ती माणसं जगली, त्यांना मुलं-नातवंडं झाली, आणि त्यांतलीच काही आज माझ्या वर्गात बसतात. त्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने हे पत्र.

ऑक्टोबर १९६२. अमेरिकेच्या यू-टू या टेहळणी विमानाने १४ तारखेला क्युबावरून काढलेल्या फोटोंत सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले. २२ तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून क्युबाची सागरी नाकेबंदी जाहीर केली आणि २४ तारखेच्या सकाळी ती लागू झाली. अमेरिकेच्या सामरिक हवाई दलाची सज्जता त्याच दिवशी प्रत्यक्ष युद्धाच्या एकच पायरी अलीकडे नेऊन ठेवली गेली. तिकडे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह म्हणत होते की ही नाकेबंदी म्हणजे समुद्रावरची दरोडेखोरी आहे, आमची जहाजं ती मानणार नाहीत. एवढं मुलांना सांगितलं की ती दोन नावं लक्षात ठेवतात, केनेडी आणि ख्रुश्चेव्ह. पुस्तकांतूनही बहुधा त्या दोघांचाच सामना रंगतो, कुणाची पापणी आधी लवली याच्या गोष्टी येतात. तुमचं नाव आलंच तर ओळीच्या शेवटी.

मला त्या बुधवारच्या संध्याकाळबद्दल बोलायचं आहे. २४ ऑक्टोबर. चाळीसहून अधिक अलिप्त देशांचे प्रतिनिधी तुमच्याकडे येऊन गेले होते, काहीतरी करा म्हणून. तुम्ही तेव्हा हंगामी सरचिटणीस होता. तुमच्या आधीचे सरचिटणीस हॅमरशोल्ड विमान अपघातात गेले आणि त्यांच्या जागी कोण यावर दोन्ही महासत्तांचं एकमत होईना, तेव्हा तात्पुरती सोय म्हणून तुमचं नाव पुढे आलं होतं. त्याला जेमतेम वर्ष होत आलं होतं. सोव्हिएत संघाला तर मुळात एक सरचिटणीसच नको होता, त्यांना तिघांचं मंडळ हवं होतं. हाताशी फौज नाही, पद कायम नाही, आणि दोन्ही बाजूंपैकी कुणीही उद्या तुम्हाला नको म्हणू शकतं. अशा खुर्चीत बसलेल्या बहुतेक माणसांनी गप्प राहणं पसंत केलं असतं. सुरक्षा परिषदेत ठराव आले असते, नकाराधिकार वापरले गेले असते, आणि सरचिटणीसांना कुणी दोष दिला नसता.

तुम्ही दोघांना पत्रं पाठवलीत. मजकूर एकच. दोन ते तीन आठवडे सोव्हिएत संघाने क्युबाला शस्त्रं पाठवणं आपणहून थांबवावं, अमेरिकेने नाकेबंदी आपणहून स्थगित ठेवावी, आणि तेवढ्या वेळात बोलणी व्हावीत. बाकी काही नाही. कुणाचं चुकलं, आधी कुणी सुरुवात केली, याबद्दल अवाक्षर नाही.

अमेरिकेला ते पत्र रुचलं नाही. तळांचं बांधकाम थांबवा असं पत्रात नव्हतं, आणि अमेरिकेची मुख्य तक्रार तीच होती. ती तक्रार रास्तच होती असं मला वाटतं. बांधकाम थांबवण्याचं आवाहन तुम्ही त्याच संध्याकाळी परिषदेतल्या भाषणात केलंत, पण आधी पत्र पोहोचलं होतं. ख्रुश्चेव्ह दुसऱ्या दिवशी लगेच हो म्हणाले, कारण त्यात त्यांच्या सोयीचं अधिक होतं. केनेडींनी सावध उत्तर दिलं, ना हो ना नाही.

पण त्या पत्राने एक दार किलकिलं झालं, आणि ते केनेडींच्या लक्षात आलं. जहाजं पुढे येत होती. अडवायची तर कदाचित गोळीबार होणार, सोडायची तर नाकेबंदीला अर्थ राहत नाही. केनेडींच्या सांगण्यावरून ख्रुश्चेव्ह जहाजं थांबवणार नव्हते, कारण ते शरणागतीसारखं दिसलं असतं. तेव्हा अमेरिकेच्याच बाजूने तुमच्याकडे शब्द आला की आणखी एक पत्र लिहा. २५ तारखेला तुम्ही ते लिहिलंत. या वेळी मजकूर वेगवेगळा होता. ख्रुश्चेव्हना लिहिलंत, तुमची जहाजं थोडे दिवस नाकेबंदीच्या पट्ट्यापासून दूर ठेवा. केनेडींना लिहिलंत, सोव्हिएत जहाजांशी थेट गाठ पडणार नाही याची काळजी घ्या. दोघांनीही मान्य केलं.

बांधावरून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असतात, तेव्हा आमच्या गावांत कुणीतरी वडीलधारं मध्ये पडतं. मग दोघंही माघार घेतात आणि दोघंही सांगतात, "त्याला भिऊन नव्हे, अण्णांनी शब्द टाकला म्हणून." तुम्ही त्या दोघांचे अण्णा झालात. ख्रुश्चेव्हना केनेडींचं ऐकावं लागलं नाही आणि केनेडींना ख्रुश्चेव्हपुढे नमतं घ्यावं लागलं नाही. दोघांचंही नाक राहिलं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून पत्र लिहिलं म्हणून तुम्हाला नुसता टपालवाला ठरवणारे लोक मी वाचले आहेत. मला ते पटत नाही. आदल्या दिवशी दोघांनाही सारखंच पत्र लिहून तुम्ही मधली जागा धरली नसती, तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या नावाने ती विनंती गेली असती? ख्रुश्चेव्हनी ती नाटोच्या कुठल्या पंतप्रधानाकडून घेतली असती, असं मला तरी वाटत नाही.

सगळं श्रेय तुमचं, असं मी म्हणत नाही. तुम्हीही ते कधी म्हणाला नाहीत. क्षेपणास्त्रं घेऊन येणारी बहुतेक जहाजं ख्रुश्चेव्हनी २३ तारखेलाच मागे वळवायला सुरुवात केली होती. २७ तारखेला, त्या काळ्या शनिवारी, बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीत आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने अण्वस्त्र लावलेला टॉर्पेडो सोडू दिला नाही. त्यांचं ऋण वेगळं आहे, त्यांना वेगळं पत्र लिहायला हवं. त्याच रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याचा शब्द गुपचूप दिला गेला. पण त्या रात्री आणखी एक गोष्ट झाली होती, ती पंचवीस वर्षांनी बाहेर आली. केनेडींचे परराष्ट्रमंत्री असलेल्या डीन रस्क यांनी १९८७मध्ये सांगितलं की ही बोलणी फिसकटली असती तर केनेडींनी एक शेवटची वाट राखून ठेवली होती. तुर्कस्तानातली आणि क्युबातली, दोन्ही क्षेपणास्त्रं काढून घ्यावीत असं आवाहन करणारं एक निवेदन कोलंबिया विद्यापीठातल्या अँड्र्यू कॉर्डियर यांच्याकडे देऊन ठेवलं होतं. इशारा मिळाला की त्यांनी ते तुमच्या हाती द्यायचं आणि तुम्ही ते स्वतःच्या नावाने जाहीर करायचं. म्हणजे जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाने शेवटचा आधार म्हणून तुमचा शब्द धरून ठेवला होता, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता! हे वर्गात सांगताना माझा आवाज दरवेळी चढतो.

त्या वर्षी तुमच्या घरी काय घडलं होतं, तेही मला माहीत आहे. मे महिन्यात तुमचा तरुण मुलगा तिन मौंग रंगूनमध्ये बसमधून पडून वारला. तुम्ही न्यू यॉर्कला होता, अंत्यविधीला जाऊ शकला नाहीत. त्यानंतर पाच महिन्यांनी क्युबा. सुरक्षा परिषदेतल्या त्या संध्याकाळी तुमचा आवाज एकसारखा, संथ होता. तुम्ही ध्यान करत होता, बुद्धाची शिकवण मानत होता, त्यातून तो संथपणा आला असेल. मला मात्र त्यात एका बापाचाही आवाज ऐकू येतो. दुसऱ्यांची मुलं तरी वाचावीत, असं तुमच्या मनात आलं असेल की नाही, हे मी कशाला ठरवू? पण मी आई आहे, त्यामुळे ते माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि हवाना. २८ तारखेला मॉस्को रेडिओवरून क्षेपणास्त्रं काढून घेण्याची घोषणा झाली आणि जगाने सुस्कारा सोडला. तुमचं काम तिथे संपत नव्हतं. ३० तारखेला तुम्ही क्युबाला गेलात. क्युबाचे नेते कॅस्ट्रो संतापलेले होते, कारण त्यांना न विचारता त्यांच्या बेटाचा निर्णय झाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना पाऊल ठेवू देणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. दोन दिवसांत तुम्हाला त्यांचं मन वळवता आलं नाही, आणि बरोबर नेलेली मंडळी तुमच्याबरोबरच परतली. काही जण याला तुमचं अपयश म्हणतात. पण परतताना तुम्ही एक गोष्ट घेऊन आलात. २७ तारखेला क्युबावर पाडलेल्या यू-टू विमानाचे वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचा मृतदेह माणुसकीच्या नात्याने परत देण्याचं आश्वासन. काही दिवसांत तो दक्षिण कॅरोलायनातल्या त्यांच्या गावी, ग्रीनव्हिलला पोहोचला. त्यांना दोन लहान मुलं होती आणि बायको गरोदर होती. जगाचा निकाल लागत असताना त्या एका घरासाठी शब्द टाकायचं तुम्ही विसरला नाहीत. तुमचे आभार मानण्यासारखं मला इतर काही ठाऊक नसतं, तरी एवढ्यासाठी मी लिहिलं असतं.

हवानाला तुमच्याबरोबर आपल्या लष्करातले अधिकारी इंदरजित रिखी होते, ते तुमचे लष्करी सल्लागार. तुमच्या कार्यालयात आपल्याकडचे नरसिंहनही होते. त्या दिवसांत आमच्याकडे मात्र क्युबाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. २० ऑक्टोबरला चीनने लडाख आणि नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) हल्ला केला होता, आणि घराघरांत तीच काळजी होती. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला म्हणून त्यांचं कौतुक झालं. ते योग्यच होतं. पण त्या गदारोळात शेजारच्या बर्मातला एक माणूस न्यू यॉर्कात काय करत होता, याची आठवण आमच्यात मुरली नाही. आभार राहून गेले ते कदाचित यामुळेही.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की तेव्हा क्युबात सुमारे ४० हजार सोव्हिएत सैनिक होते. अमेरिकेचा अंदाज त्याच्या जवळपासही नव्हता. रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही बेटावर आधीच येऊन पडली होती. वॉशिंग्टनमधले सेनापती ज्या स्वारीसाठी हट्ट धरून बसले होते, ती झाली असती तर पहिल्याच दिवशी काय झालं असतं, हे लिहायला मला हात धजत नाही. तुम्ही मागितलेल्या दोन-तीन आठवड्यांतले थोडेच दिवस तुम्हाला मिळाले. ते पुरले.

तुमच्या मायदेशाने तुम्हाला कसं वागवलं, ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं करता येत नाही. नोव्हेंबर १९७४मध्ये न्यू यॉर्कमध्ये तुमचं निधन झालं आणि तुमचा देह रंगूनला आणला. ने विन यांच्या लष्करी राजवटीने साधा सरकारी मानही दिला नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनी तुमची शवपेटी उचलली, विद्यापीठात नेली, आणि १९६२मध्ये लष्कराने सुरुंग लावून उडवलेल्या विद्यार्थी संघाच्या इमारतीच्या जागेवर स्वतःच्या हातांनी तुमची समाधी बांधली. ११ डिसेंबरला पहाटे सैनिक आत घुसले, शवपेटी काढून नेली, आणि त्यात कितीतरी विद्यार्थी मारले गेले. एका हेडमास्तरचा मान राखायला ती पोरं सैनिकांसमोर उभी राहिली. त्यांची नावं मला माहीत नाहीत. या पत्रातले आभार त्यांनाही पोहोचावेत, आणि तुमच्यामागे घर सांभाळणाऱ्या तुमच्या पत्नीलाही.

आपली कृतज्ञ,
इतिहासाची एक शिक्षिका